तंतुप्रबलित संमिश्र पदार्थांतील यांत्रिक सांध्यांचे बळकटीकरण : एक विवेचन

गोषवारा :

कार्बन किंवा काच यांचे तंतू राळेत बसवून तयार होणारे संमिश्र पदार्थ वजनाला हलके व तंतूंच्या दिशेत अतिशय बळकट असतात. विमाने, पवनचक्क्यांची पाती, अवकाशयाने इत्यादी रचनांत त्यांनी धातूंची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली आहे. मात्र हे भाग एकमेकांस नट-बोल्ट किंवा रिव्हेट यांच्या साह्याने जोडावयाचे झाल्यास त्यांत छिद्र पाडावे लागते आणि छिद्र पाडताच पदार्थाचे बळ ज्यावर अवलंबून असते ते तंतू तुटतात. प्रस्तुत लेखात अशा सांध्यांच्या दुर्बलतेची कारणे, सांधा तुटण्याचे प्रकार व त्यास बळकटी आणण्याचे उपाय यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : संमिश्र पदार्थ, कार्बन तंतू, यांत्रिक सांधा, प्रतिबल एकाग्रता, छिद्राच्या काठाचे चिरडणे, थर सुटणे.

प्रस्तावना :

बांबूला खिळा मारू नये, हे मांडव घालणाऱ्या कारागिरास कोणी शिकवावे लागत नाही. बांबू ताणास उत्तम टिकतो. पण टोकाजवळ खिळा ठोकताच तो उभा चिरतो. म्हणून बांबूचे सांधे परंपरेने दोरीने किंवा काथ्याने बांधले जातात. सुतारही फळीच्या अगदी कडेला खिळा मारत नाही. मारावयाचा झाल्यास आधी बारीक भोक पाडून घेतो. बांबू आणि लाकूड हे निसर्गाने घडविलेले तंतुमय संमिश्र पदार्थ होत. त्यांच्या बाबतीत पिढ्यान् पिढ्या अनुभवाने कळलेली गोष्ट मानवनिर्मित संमिश्र पदार्थांच्या बाबतीत गणिताने व प्रयोगाने नव्याने सिद्ध करावी लागली. ती गोष्ट अशी की, तंतुमय पदार्थ जेवढा बळकट असतो तेवढा त्याचा सांधा बळकट असत नाही.

विमानाचा पंख कितीही उत्तम पदार्थाचा केला तरी तो धडास जोडावाच लागतो. दुरुस्तीसाठी भाग उघडता यावेत, तपासणी करता यावी आणि मोठे भाग वेगवेगळ्या ठिकाणी तयार करून एकत्र आणता यावेत, यांसाठी नट-बोल्टचे सांधे टाळता येत नाहीत. परिणामी संपूर्ण रचनेची सुरक्षितता बहुधा पदार्थाच्या बळावर नव्हे, तर सांध्याच्या बळावर ठरते. ज्या रचनांवर माणसांचे प्राण अवलंबून असतात, तेथे हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

लेखाची उद्दिष्टे :

१) संमिश्र पदार्थांतील यांत्रिक सांधे धातूंतील सांध्यांपेक्षा दुर्बल का ठरतात हे स्पष्ट करणे.
२) सांधा तुटण्याच्या विविध प्रकारांचा परिचय करून देणे.
३) सांध्यास बळकटी आणण्याचे प्रमुख उपाय व त्यांच्या मर्यादा यांचे विवेचन करणे.

विषय विवेचन :

१. संमिश्र पदार्थाचे स्वरूप

कार्बनचा एक तंतू साधारण ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाहून पुष्कळ बारीक असतो. असे असंख्य तंतू एका दिशेत मांडून ते इपॉक्सीसारख्या राळेत भिजविले म्हणजे एक पातळ थर तयार होतो. असे अनेक थर एकावर एक रचून उष्णता व दाब यांखाली घट्ट केल्यावर जो पत्रा तयार होतो त्यास लॅमिनेट म्हणतात. कार्बन-इपॉक्सीची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.६ ग्रॅम असते. ॲल्युमिनियमची २.७ व पोलादाची ७.८ ग्रॅम आहे, हे लक्षात घेतल्यास विमान-अभियंत्यांना या पदार्थाचे आकर्षण का वाटते ते कळते.

परंतु हे बळ सर्व दिशांना सारखे नसते. तंतूंच्या दिशेत भार तंतू पेलतात. त्यांच्या आडव्या दिशेत व दोन थरांच्या मध्ये मात्र राळेवरच भिस्त असते. कार्बन-इपॉक्सीचा एकदिश थर तंतूंच्या दिशेत जेवढा ताठ असतो त्याच्या जवळपास पंधरा ते वीसपट कमी ताठ आडव्या दिशेत असतो. म्हणून प्रत्यक्ष वापरात वेगवेगळ्या थरांतील तंतू ०, ४५ व ९० अंशांच्या कोनांत मांडले जातात.

२. छिद्रामुळे काय घडते ?

एखाद्या पत्र्यास दोन्ही बाजूंनी ओढल्यास त्यातील बल सर्वत्र सारखे वाटले जाते. मध्ये छिद्र असल्यास, पुलाच्या खांबाभोवती नदीचे पाणी वळून वाहते त्याप्रमाणे, बलाच्या रेषा छिद्राला वळसा घालतात आणि छिद्राच्या दोन्ही कडांशी दाटी करतात. दर एकक क्षेत्रफळावर येणाऱ्या अंतर्गत बलास प्रतिबल म्हणतात. म्हणून या दाटीस प्रतिबल एकाग्रता असे नाव आहे. रुंद धातूच्या पत्र्यातील गोल छिद्राच्या कडेला प्रतिबल सरासरीच्या तिप्पट होते, हे जर्मन अभियंता किर्श याने १८९८ मध्येच दाखविले होते. सर्व तंतू एकाच दिशेत असलेल्या कार्बन-इपॉक्सी पत्र्यासाठी हेच गणित मांडल्यास तो गुणक सहा ते सातच्या दरम्यान येतो.

फरक एवढ्यावरच थांबत नाही. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात छिद्राच्या कडेला प्रतिबल फार वाढले तर तेथील धातू किंचित वाहतो, ताणला जातो व आपल्यावरील जादा भार शेजारच्या भागाकडे सोपवितो. बोल्टच्या अनेक रांगा असतील तर एका बोल्टवरील जादा भार अशाच रीतीने इतर बोल्टांकडे जातो. धातूचा हा गुण म्हणजे अभियंत्याच्या लहानसहान चुकांना मिळालेली क्षमाच होय. कार्बन तंतू असे वाहत नाहीत. सुमारे दीड ते दोन टक्के ताणले गेले की ते तुटतात. छिद्राच्या कडेला राळेत सूक्ष्म तडे जाऊन व थर थोडे सुटून प्रतिबल काही अंशी सौम्य होते हे खरे. तथापि धातूएवढी सवलत मिळत नाही. अमेरिकन संशोधक व्हिटनी व न्युइस्मर यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या निकषांवरून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. आकाराने मोठे छिद्र लहान छिद्रापेक्षा पत्र्यास प्रमाणाबाहेर अधिक दुर्बल करते.

३. सांधा तुटण्याचे प्रकार

बोल्टने जोडलेला संमिश्र पत्रा प्रामुख्याने पुढील प्रकारांनी निकामी होतो.

अ) आडवे तुटणे : छिद्राच्या दोन्ही बाजूंस उरलेला पत्रा ताणाने आडवा तुटतो. छिद्रे फार जवळ असल्यास असे घडते. हे तुटणे अचानक होते.

आ) कडेची पट्टी निघून जाणे : छिद्र व पत्र्याची कड यांमध्ये अंतर कमी असल्यास बोल्ट आपल्यासमोरील पट्टी कापून बाहेर काढतो.

इ) उभे चिरणे : बांबूप्रमाणे पत्रा छिद्रापासून कडेपर्यंत चिरत जातो. एकाच दिशेचे तंतू जास्त असल्यास हा धोका असतो.

ई) डोके आरपार जाणे : पातळ पत्र्यातून बोल्टचे किंवा रिव्हेटचे डोकेच ओढले जाते.

उ) छिद्राच्या काठाचे चिरडणे : बोल्ट ज्या काठावर दाबतो तेथील पदार्थ हळूहळू चिरडला जातो व छिद्र लांबट होते. अभियांत्रिकीत यास बेअरिंग प्रकारची विफलता म्हणतात.

यांपैकी पहिले चार प्रकार एकाएकी घडणारे आहेत. पाचवा प्रकार मात्र हळूहळू घडतो. छिद्र लांबट झालेले दिसते, सांधा ढिला झाल्याचे कळते आणि तरीही तो बराच काळ भार धरून ठेवतो. म्हणून सांध्याचा आराखडा करणारा अभियंता प्रथम एक प्रश्न विचारतो : हा सांधा तुटलाच तर तो कोणत्या प्रकाराने तुटावा ? बळकटीकरणाचा खरा अर्थ बोल्ट जाड करणे हा नसून, तुटण्याचा प्रकार आपल्या हाती ठेवणे हा आहे.

४. एक उदाहरण

हा मुद्दा साध्या आकडेमोडीने पाहता येतो. समजा, ३ मिलिमीटर जाडीचा एक पत्रा असून त्याची ताण सहन करण्याची क्षमता ५०० मेगापास्कल आहे, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन. छिद्राचा काठ चिरडण्यासाठी लागणारे प्रतिबलही तेवढेच धरू. छिद्राशेजारील पत्रा ताणाने तुटताना प्रतिबल एकाग्रतेचा प्रत्यक्ष परिणाम दुप्पट आहे असे मानू. म्हणजे तेथे २५० मेगापास्कलवरच पत्रा तुटेल. सोयीसाठी हा गुणक स्थिर धरला आहे.

या पत्र्याची ३६ मिलिमीटर रुंदीची पट्टी घेऊन तीत ६ मिलिमीटरचा एक बोल्ट बसविला. काठ चिरडण्याचे क्षेत्र ६ गुणिले ३ म्हणजे १८ चौरस मिलिमीटर. म्हणून सांधा ९ किलोन्यूटनला चिरडू लागेल. छिद्राशिवाय ही पट्टी ५४ किलोन्यूटन पेलली असती. म्हणजे सांध्याची कार्यक्षमता अवघी १७ टक्के.

रुंदी निम्मी, म्हणजे १८ मिलिमीटर केली तर चिरडण्याची मर्यादा ९ किलोन्यूटनच राहते; छिद्राशेजारील पत्राही ९ किलोन्यूटनलाच तुटतो. अखंड पट्टीची क्षमता २७ किलोन्यूटन असल्यामुळे कार्यक्षमता ३३ टक्के होते. आता रुंदी तीच ठेवून ‘अधिक बळकट’ म्हणून ९ मिलिमीटरचा बोल्ट घातला तर काय होईल ? काठ चिरडण्याची मर्यादा वाढून १३.५ किलोन्यूटन होईल; परंतु छिद्राशेजारी उरलेला पत्रा ६.७५ किलोन्यूटनलाच तुटेल. जाड बोल्टमुळे सांधा एकचतुर्थांशाने दुर्बल झाला. शिवाय तो आता पूर्वसूचना न देता तुटेल.

पट्टीची रुंदी छिद्राच्या व्यासाच्या सुमारे तिप्पट असताना एका रांगेच्या सांध्याची कार्यक्षमता सर्वाधिक असते, असा जो निष्कर्ष अभ्यासकांनी काढला आहे त्याच्याशी हे उदाहरण जुळते. तथापि तेथेच दोन्ही प्रकारच्या विफलता एकमेकींस भेटतात. म्हणून सुरक्षिततेसाठी प्रत्यक्षात हे प्रमाण चार ते सहा पट ठेवले जाते. अमेरिकेतील डग्लस विमान कंपनीत काम करणारे हार्ट-स्मिथ यांनी १९७० च्या दशकापासून या विषयाचा सखोल अभ्यास केला. त्यांच्या अभ्यासाचे सार असे की, बोल्टच्या अनेक रांगा काळजीपूर्वक योजल्या तरी सांध्याची कार्यक्षमता अखंड पत्र्याच्या साधारण निम्म्यापर्यंतच जाते. पुढील सर्व उपायांचा विचार या मर्यादेच्या संदर्भात करावयाचा आहे.

५. बळकटीचे उपाय

५.१ थरांची मांडणी : सांध्याच्या जागी एकाच दिशेचे तंतू नसावेत. ४५ अंशांतील थर छिद्राच्या कडेची प्रतिबल एकाग्रता कमी करतात व पत्रा चिरण्यास अडथळा करतात. प्रत्येक मुख्य दिशेत किमान दहा टक्के तंतू असावेत, हा विमान उद्योगात रूढ झालेला नियम आहे. सांध्याजवळ ४५ अंशांच्या थरांचा वाटा साधारण चाळीस टक्के किंवा अधिक ठेवला जातो. एकाच दिशेचे थर एकगठ्ठा न ठेवता विखुरलेले असल्यास थर सुटण्याची शक्यता कमी होते. सांध्यापाशी काही जादा थर घालून पत्र्याची जाडी वाढविणे हाही नेहमीचा उपाय आहे. मात्र ही वाढ पायऱ्यापायऱ्यांनी करावी लागते, अन्यथा जाडी बदलते तेथेच थर सुटू लागतात.

५.२ सांध्याची भूमिती : छिद्राच्या केंद्रापासून पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर व्यासाच्या किमान तिप्पट ठेवल्यास कडेची पट्टी निघून जाण्याचा धोका टळतो. दोन पत्रे केवळ एकावर एक ठेवून जोडल्यास बल एका रेषेत न राहता सांधा वाकतो, बोल्ट तिरपा होतो व त्याची कड पत्र्यात रुतते. एक पत्रा दोन पट्ट्यांच्या मध्ये धरणारा दुहेरी सांधा या दृष्टीने श्रेष्ठ ठरतो. अनेक रांगा असलेल्या सांध्यात सर्वांत बाहेरच्या रांगांवर अधिक भार येतो. म्हणून पट्ट्यांची जाडी टोकाकडे निमुळती करून तो भार समान वाटण्याचा प्रयत्न केला जातो. पत्र्यात बुडणाऱ्या डोक्याचे बोल्ट वापरावयाचे असल्यास त्या उतरत्या खाचेची खोली पत्र्याच्या जाडीच्या दोनतृतीयांशापेक्षा अधिक नसावी.

५.३ आवळणी व वॉशर : बोल्ट पुरेसा आवळला म्हणजे वॉशरखालील पत्रा दोन्ही बाजूंनी दाबला जातो. छिद्राचा काठ चिरडला जात असताना तेथील थर बाहेर फुगू पाहतात. हा दाब त्यांना जागच्या जागी धरून ठेवतो. हाताने सैल बसविलेल्या पिनेच्या तुलनेत आवळलेल्या बोल्टमुळे काठाची भारक्षमता दीडपट ते दुप्पट झाल्याचे प्रयोगांत आढळले आहे. मोठा वॉशर वापरल्यास हा दाब मोठ्या क्षेत्रावर पसरतो व डोके आरपार जाण्याचा धोकाही कमी होतो. मर्यादा अशी की, राळ कालांतराने किंचित दबते व आवळणी सैल होते. म्हणून आराखड्यात या जादा बळाचा पूर्ण हिशेब धरला जात नाही. अतिरेकी आवळणीमुळे पत्राच चिरडण्याचीही भीती असते.

५.४ छिद्र पाडण्याची शिस्त : सांधा पुष्कळदा वापरात नव्हे, तर कार्यशाळेतच दुर्बल होतो. ड्रिल आत शिरताना वरचा थर उचलला जाऊ शकतो, तर बाहेर पडताना शेवटचा थर ढकलला जाऊन सुटू शकतो. ड्रिलचा दाब एका विशिष्ट मर्यादेपलीकडे गेला की शेवटचे थर सुटतात, हे हो-चेंग व धरन यांनी १९९० मध्ये गणिताने दाखविले. यावर उपाय साधे आहेत. पत्र्याच्या मागे आधाराची फळी ठेवणे, धारदार कार्बाइड किंवा हिऱ्याच्या टोकाचे ड्रिल वापरणे, शेवटी दाब कमी करणे आणि झिजलेले ड्रिल वेळीच बदलणे. बोथट ड्रिलने पाडलेले छिद्र वरून स्वच्छ दिसले तरी आतील थर सुटलेले असू शकतात. ते श्रवणातीत ध्वनीच्या तपासणीनेच कळते. छिद्र बोल्टपेक्षा फार मोठे झाले तर बोल्ट काठाच्या लहान भागावरच दाबतो. उलट धातूत चालते तसे घट्ट बोल्ट ठोकून बसविणे किंवा रिव्हेट हातोड्याने फुगविणे येथे घातक ठरते.

५.५ बोल्टचा धातू : कार्बन तंतू विजेचे वाहक आहेत. ओलाव्याच्या सान्निध्यात कार्बन व ॲल्युमिनियम एकमेकांस टेकल्यास तेथे विद्युत-घट तयार होतो व ॲल्युमिनियम गंजू लागते. म्हणून कार्बनच्या पत्र्यांसाठी बहुधा टायटॅनियमचे बोल्ट वापरतात. जेथे ॲल्युमिनियमचा भाग जोडणे अटळ असते तेथे मध्ये काचतंतूंचा पातळ थर घालून दोहोंचा स्पर्श टाळला जातो.

५.६ स्थानिक धातू व शिवण : सांध्याच्या परिसरातील काही संमिश्र थर काढून त्यांच्या जागी तेवढ्याच जाडीचे टायटॅनियमचे पातळ पत्रे घालण्याची पद्धत जर्मनीच्या डीएलआर या अवकाश संशोधन संस्थेत विकसित झाली. सांध्यापासून दूर जाताना हे पत्रे पायऱ्यापायऱ्यांनी संपतात व पुढे शुद्ध संमिश्र पत्रा सुरू होतो. धातू काठाचे चिरडणे रोखतो, मात्र पत्र्याची जाडी वाढत नाही. अग्निबाणावर उपग्रह बसविण्याच्या जोडणीभागासाठी या पद्धतीचा अभ्यास झाला असून त्यासंबंधीचे निष्कर्ष २००८ ते २०१० या काळात प्रसिद्ध झाले. छिद्रात धातूची बाही चिकटवून बसविणे हा याच विचाराचा साधा प्रकार होय. याशिवाय पत्र्याच्या जाडीतून तंतूंची शिवण घालणे किंवा बारीक कार्बनच्या पिना खोवणे या पद्धतींनी थर सुटण्यास अटकाव होतो. परंतु सुई व पिना मूळ तंतूंनाच थोडे वाकवितात व तोडतात. एका दिशेत मिळविलेल्या बळाची काही किंमत दुसऱ्या दिशेत मोजावी लागते.

५.७ चिकटवणे व बोल्ट यांचा संयोग : छिद्र पाडल्याने दुर्बलता येत असेल तर भाग केवळ चिकटवून का जोडू नयेत, असा प्रश्न स्वाभाविक आहे. चिकटविलेला सांधा बल मोठ्या क्षेत्रावर वाटतो व पातळ पत्र्यांसाठी तो अधिक कार्यक्षम असतो. अडचण विश्वासाची आहे. पृष्ठभागावर किंचित तेलकटपणा राहिला तर दोन भाग एकमेकांस टेकलेले असतात, तपासणीत दोष दिसत नाही आणि तरीही त्यांच्यात बळ नसते. म्हणूनच अमेरिकी विमान प्रशासनाच्या २००९ मधील सुधारित मार्गदर्शक परिपत्रकात, ज्या चिकट सांध्याच्या विफलतेने विमान गमावले जाईल तेथे पुढीलपैकी एका मार्गाचा अवलंब करण्याची अपेक्षा आहे : सांधा सुटण्याची व्याप्ती रचनेतच मर्यादित ठेवणे, प्रत्येक सांध्याची भार देऊन चाचणी घेणे किंवा बळाची खात्री देणारी विश्वसनीय तपासणी करणे. यांपैकी पहिल्या मार्गात बोल्ट उपयोगी पडतात. सुस्थितीतील चिकट सांध्यात बोल्टमुळे बळ फारसे वाढत नाही, हे हार्ट-स्मिथ यांनी दाखविले आहे. परंतु चिकट थर कोठे सुटलाच तर तो पसरू न देण्याचे काम बोल्ट करतात.

६. न्यूयॉर्क येथील दुर्घटना : सांध्याची कसोटी

सांध्याचे महत्त्व किती असते हे १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क येथे घडलेल्या विमान दुर्घटनेवरून दिसून आले. अमेरिकन एअरलाइन्सचे ५८७ क्रमांकाचे उड्डाण करणारे एअरबस ए३००-६०० हे विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात क्वीन्स भागातील वस्तीवर कोसळले. विमानातील २६० व जमिनीवरील ५ अशा २६५ जणांचा मृत्यू झाला. विमानाचे उभे शेपूट हवेतच धडापासून वेगळे झाले होते.

हे शेपूट कार्बनतंतूंच्या संमिश्र पदार्थाचे होते आणि सहा मुख्य छिद्रयुक्त कानांतून जाड पिना घालून ते धडास जोडलेले होते. तुटण्याची सुरुवात उजव्या बाजूच्या मागील कानापासून झाली. साहजिकच संमिश्र पदार्थाच्या विश्वसनीयतेविषयी शंका व्यक्त झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००४ मध्ये दिलेला निष्कर्ष मात्र वेगळा होता. पुढील विमानाच्या मागे राहिलेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडल्यावर सहवैमानिकाने दिशासुकाणू आलटून पालटून अनावश्यक व अतिरेकी वळविले. त्यामुळे शेपटावर आलेला भार आराखड्यातील अंतिम मर्यादेपलीकडे गेला. या विमानातील सुकाणू-यंत्रणेची रचना व वैमानिकांच्या प्रशिक्षणातील काही बाबी यांनाही मंडळाने सहायक कारणे मानले.

सेवेत अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार रचनेने सहन करावा, असा विमान आराखड्याचा नियम आहे. या घटनेत भार सुमारे दुपटीपर्यंत गेला होता. म्हणजे सांध्याने नियमाने ठरविलेले काम केले आणि त्याहून काही अधिकही केले. पण त्यापुढे तो तुटला, व तुटला तेव्हा एकाएकी तुटला. यावरून दोन बोध होतात. एक, योग्य रीतीने योजलेला संमिश्र सांधा अपेक्षित बळ निश्चितपणे देतो. दुसरा, अपेक्षेबाहेरचा भार आल्यास तो धातूप्रमाणे वाकून सावध करीलच असे नाही. म्हणून भाराचा अंदाज, यंत्रणेची रचना व ती वापरणाऱ्याचे प्रशिक्षण हेही सांध्याच्या बळकटीचेच भाग ठरतात.

बोईंग ७८७ या विमानाच्या सांगाड्यात वजनाने सुमारे निम्मा भाग संमिश्र पदार्थांचा आहे. जून २००९ मध्ये त्याचे पहिले उड्डाण पुढे ढकलावे लागले, ते पंख व धड जेथे जुळतात त्या भागास बळकटी देण्याची गरज जमिनीवरील चाचणीतून स्पष्ट झाल्यामुळे. दुरुस्तीनंतर १५ डिसेंबर २००९ रोजी ते उडाले. उशीर महागात पडला. परंतु दोष आकाशात नव्हे तर चाचणीत सापडला, हे अधिक महत्त्वाचे.

७. भारतीय संदर्भ

भारतात तेजस या लढाऊ विमानाने ४ जानेवारी २००१ रोजी पहिले उड्डाण केले. त्याच्या सांगाड्याच्या वजनापैकी सुमारे ४५ टक्के भाग संमिश्र पदार्थांचा आहे. या विमानात पंखाचे पत्रे व आतील आधार एकत्रच घट्ट करण्याचे तंत्र वापरण्यात आले. त्यामुळे सुट्या भागांची, पर्यायाने बोल्ट व छिद्रांची संख्या कमी झाली. सांधा बळकट करण्याचा एक उत्तम मार्ग म्हणजे अनावश्यक सांधाच न ठेवणे, हा विचार येथे दिसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिक येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यातही तेजसच्या सुधारित आवृत्तीची उत्पादन-रांग सुरू झाली. त्यामुळे छिद्र पाडण्याची शिस्त, आवळणीचे माप, तपासणी या बाबी महाराष्ट्रातील तंत्रनिकेतने व औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्याही अभ्यासाचा विषय व्हावयास हव्यात.

सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावर किंवा धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल परिसरात उभ्या असलेल्या पवनचक्क्या हे याच विषयाचे रोज दिसणारे उदाहरण होय. त्यांची पाती मुख्यतः काचतंतूंच्या संमिश्र पदार्थाची असून बुडाशी ती वर्तुळाकार मांडलेल्या बोल्टांनी मध्यभागास जोडलेली असतात. पात्यांच्या उत्पादनात यासाठी दोन पद्धती रूढ आहेत. पहिल्या पद्धतीत पात्याच्या जाड बुडात आडवा नट घालून त्यात उभा बोल्ट आवळतात, तर दुसरीत पाते घडवितानाच धातूच्या आटेदार नळ्या तंतूंच्या थरांमध्ये बसवितात. प्रत्येक फेऱ्यात पात्याचे वजन बोल्टांना एकदा ओढते व एकदा दाबते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या या आवर्तनात आवळणी योग्य राखणे हीच सांध्याच्या आयुष्याची गुरुकिल्ली असते.

निष्कर्ष :

१) संमिश्र पदार्थात छिद्र पाडल्याने तंतू तुटतात व कडेला प्रतिबल एकाग्र होते, पदार्थ धातूप्रमाणे वाहत नसल्याने हा भार पुरेसा वाटला जात नाही.
२) सांधा कोणत्या प्रकाराने निकामी व्हावा हे आराखड्यातच ठरविणे आवश्यक आहे. छिद्राचा काठ हळूहळू चिरडला जाणे हा त्यांतील सर्वांत सुरक्षित प्रकार होय.
३) केवळ जाड बोल्ट वापरल्याने सांधा बळकट होत नाही, पत्र्याची रुंदी न वाढविल्यास तो दुर्बल व अधिक धोकादायक होऊ शकतो.
४) थरांची मांडणी, कडेचे अंतर, आवळणी व छिद्राचा दर्जा या चार बाबी कमी खर्चाच्या व सर्वत्र लागू पडणाऱ्या आहेत. टायटॅनियमचे थर, धातूची बाही, शिवण इत्यादी उपाय विशेष गरजेच्या ठिकाणी योजावेत.
५) चिकट सांधा व बोल्ट हे परस्परांचे स्पर्धक नसून, एकाच्या दोषाचा विस्तार दुसरा रोखतो.
६) चाचणी, तपासणी व वापरणाऱ्यांचे प्रशिक्षण यांवाचून कोणतेही बळकटीकरण पूर्ण होत नाही.

समारोप :

पदार्थविज्ञानाच्या प्रगतीमुळे तंतू अधिकाधिक बळकट होत आहेत. परंतु तंतू दुप्पट बळकट झाला म्हणून सांधा दुप्पट बळकट होत नाही, कारण सांध्यापाशी राळेचे बळ, थरांची पकड व कारागिराचा हात यांचीही परीक्षा होते. बांबू दोरीने बांधणाऱ्या कारागिराने पदार्थाचा स्वभाव ओळखून सांधा निवडला. आधुनिक अभियंत्याकडे गणित, संगणक व चाचणीयंत्रे आहेत. तरी त्याच्यापुढील पहिले काम तेच आहे. पदार्थ कोठे बळकट आहे हे जाणण्याइतकेच तो कोठे व कसा तुटेल हे आधी जाणणे, यातच सुरक्षित रचनेचे मर्म आहे.